सूतभर खेळ

(दृश्य : बॉनेट उघडतं)

काचेच्या पुढचा अख्खा भाग, मडगार्ड-दिव्यांसकट, असा पुढे कलंडतो. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, सगळं उघड्यावर. टायरवर बसा आणि काम करा. हल्लीच्या गाड्यांखाली पाठीवर सरपटणाऱ्या मिस्तऱ्यांना हे बघून हेवा वाटेल.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर. दोन माणसांची इंग्लिश स्पोर्ट्‌स कार, 1962 ते 1980 या काळात बनलेली. धुळ्यात हिला हात कोण लावणार, असं मालकाला वाटत होतं. पण इथले मिस्तरी आबा, त्यांनी तरुणपणी स्टँडर्ड हेरल्ड खोलल्यात. 1961 पासून मद्रासला बनणारी ती हेरल्ड आणि ही स्पिटफायर एकाच घरच्या. हेरल्डचीच चासी आखूड करून स्पिटफायर उभी राहिली, दोघींचा आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तींनी काढला. स्टिअरिंगही एकाच जातीचं, रॅक-पिनियन : नळीत दातेरी पट्टी म्हणजे रॅक, तिला सरकवणारं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन. 25 फुटांच्या वर्तुळात हेरल्ड पुरी फिरायची. आग्रा रोडच्या गर्दीतही तिला मागे घ्यावं लागत नसे, असं आबा अजून कौतुकानं सांगतात.

(दृश्य : रॅकच्या नळीवर कॅमेरा)

आता नळीकडे लक्ष ठेवा. पोरगा स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवतोय. चाक वळायच्या आधी नळीच सरकते. बघा, पुन्हा. नळी चासीला दोन यू-बोल्टांनी आवळलेली असते, मध्ये रबरी बुश. बुश गेला की हाताचा पहिला झटका नळी सरकवण्यातच जातो. वेगात असताना हे जिवावर बेतू शकतं. मालकाला आधी एके ठिकाणी अख्खा रॅक बदलायला सांगितलं होतं.

आबांनी बुश नखानं दाबला. ‘हाई रबर मरी गयं.’ बाकी निदान नाही, मशीन नाही.

इंजिनच्या पुढच्या सीलमधून तेल ठिबकतं ते नेमकं इथे. तेलानं रबर फुगतं, लिबलिबीत होतं. त्यात आपला मे महिना.

(दृश्य : हातोड्या)

पिनियनवर आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणजे कॉलमवर, आधी खडूची एक रेघ. ती जुळली नाही तर गाडी सरळ धावताना स्टिअरिंग वाकडं दिसतं. मग रॅकपासून चाकांकडे जाणाऱ्या टाय रॉडचे बॉल जॉइंट. जॉइंट ओढून काढायचा पुलर टांगलेलाच राहिला. एक हातोडी मागून टेकवलेली, दुसरीचा घाव समोरून, जॉइंट बसतो त्या कानावर. दोन घाव, आणि जॉइंट आपसूक सुटला. पाने इंची आहेत, हेरल्डच्याच काळातले. बारा-तेरा मिलिमीटरचा पाना इथे लावला तर नटाचे कोपरे जातात.

(दृश्य : लेथ)

नवीन बुश पॉलियुरेथेनचा. रबरापेक्षा कडक, तेलाला दाद न देणारा. ॲल्युमिनियमचे ठोकळेही बसवतात, पण मग रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट मनगटात येतो, आणि खड्ड्यांची आपल्याकडे ददात नाही. पिवळ्या दांड्यातून बुश उतरतोय. पात्याला धार नसेल तर हा माल कापला न जाता दबतो, म्हणून लेथवाला पातं परत परत घासतोय. धार बरोबर लागली की शेवयांसारखी लांब तार निघते. मग करवतीनं उभी चीर, म्हणजे बुश नळीवर चढवता येतो. असे दोन. परदेशातून किट मागवायची वेळ आली नाही.

रॅक जागेवर. दोन्ही क्लॅम्प बाहेरच्या बाजूला, नळीच्या कडेपर्यंत रेटायचे आणि रेटून धरूनच नट आवळायचे. मधे सूतभर फट राहिली तर सगळी मेहनत वाया. नट नवीन, नायलॉनवाले. खडूची रेघ जुळली.

पोरगा पुन्हा स्टिअरिंग हलवतो. नळी जागची हलत नाही. चाक वळतं.

टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतला कल, तपासून गाडी मालकाच्या ताब्यात जाईल. पण आज नाही. वरचं तेल अजून ठिबकतंय, आणि सील बदलायचं तर रेडिएटर उतरवावा लागेल. पोरानं पाणी काढायला खाली घमेलं सरकवलंय.