चलन गेटवर, हिशेब क्लाउडवर

(ठाण्यातल्या छोट्या बांधकाम व्यावसायिकांसमोर एका चार्टर्ड अकाउंटंटने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बांधकामाचे हिशेब: क्लाउडवर आणि बाहेरच्या हातांत’. वेळ दिलाय अर्धा तास, त्यातला बराचसा शाल-श्रीफळात गेला. असो.

ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत बसून आपली पोरं परदेशी कंपन्यांचे हिशेब लिहितात. आणि आपला ठाण्याचा बिल्डर म्हणतो, “सर, हिशेब बाहेर दिला तर गुपित फुटेल.” अहो, कसलं गुपित? तुमच्या ड्रायव्हरला आणि मेहुण्याला ते कधीचं माहीत आहे. (हशा) मेहुणे आले असतील तर त्यांनी मनावर घेऊ नये.

मी बाहेर देण्याच्या बाजूचाच माणूस आहे. माझं भांडण आहे ते एका कागदाशी. मालाचं चलन, म्हणजे मालाच्या गाडीबरोबर येणारी, माल मिळाल्याची सही घ्यायची पावती.

घोडबंदर रोडला माझा एक क्लायंट. दोन टॉवर, महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, दोन वेगळ्या नोंदण्या. हिशेब क्लाउडवर, लिहिणारी टीम नाशिकला. एके रात्री सळईचा ट्रेलर आला. पहिल्या टॉवरच्या गेटसमोर गटाराचं खोदकाम चालू, म्हणून वॉचमनने गाडी दुसऱ्याच्या आवारात वळवली. माल उतरला. चलनावर सही कोणी केली? वॉचमनने! आणि चलन ठेवलं केबिनमधल्या गणपतीच्या फोटोमागे. त्याच्या दृष्टीने सगळ्यात सुरक्षित जागा, त्याचं काही चुकलं नाही. सकाळी सुपरवायझर आला, समोर सळई दिसली, लावली दुसऱ्या टॉवरच्या स्लॅबला. नाशिकच्या मुलीपुढे फक्त सप्लायरचं बिल, त्यावर पहिल्या टॉवरचं नाव. तिने चोख नोंद केली, पैसेही पहिल्याच्याच खात्यातून गेले.

आता रेरा कायदा काय म्हणतो, तुम्हाला पाठ आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात, ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीला आणि बांधकामाला वापरायचे, आणि काढायचे तर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांचे दाखले हवेत. इथे इंजिनिअरला स्लॅब दिसतोय एका टॉवरचा, मला खर्च दिसतोय दुसऱ्याचा. मी विचारलं, सळई गेली कुठे? कोणालाच सांगता येईना. मग ३१ तारखेला रात्री फोन. “सर, तेवढी सही करा ना.” तेवढी! माझी सही म्हणजे भाजीवरची कोथिंबीर वाटते लोकांना, मागितली की फुकट टाकायची.

केली नाही मी. क्लायंट महिनाभर बोलला नाही. चलन सापडलं दिवाळीच्या साफसफाईत. फराळ मात्र वेळेवर आला, आणि चकल्या उत्तम होत्या, हे नमूद करतो. हसू नका, तुमच्यापैकी किती जणांच्या साइटवर रात्री वॉचमनच सही करतो, हात वर करा बघू. हं. बघा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषयाला आता हात घालायचा.

बाहेर द्या बिलांच्या नोंदी, बँकेची जुळवणी, टीडीएस, जीएसटीची विवरणपत्रं, ग्राहकांच्या हप्त्यांची मागणीपत्रं. देऊ नका माल मोजणं, आरए बिलाचं, म्हणजे कंत्राटदाराच्या झालेल्या कामापुरत्या बिलाचं, मोजमाप आणि त्याचं रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, कधी सोडायचं तो निर्णय. गाडी रिकामी होताना गेटवरच चलनाचा फोटो, टॉवरचं नाव टाकून. पर्चेस ऑर्डर, चलन आणि बिल जुळल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत.

जीएसटी. एप्रिल २०१९ पासून घरांना ५ टक्के, परवडणाऱ्यांना १ टक्का, इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करून मिळत नाही. म्हणून ‘बिल हरवलं तरी चालतं’ म्हणणारे इथे बसलेत. नाही चालत. ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून दाखवावी लागते, तीही प्रकल्पवार. तूट पडली की तेवढ्यावर १८ टक्के कर तुमच्या खिशातून. सिमेंटचा नियम वेगळा, तो प्रश्नोत्तरात.

जुलै २०२४ पासून महारेराने एका प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती केलीत. टीमला तिन्ही बघू द्या, पण पैसे पाठवायचा ओटीपी मालकाच्याच फोनवर. ज्यांची कंपनी आहे, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२३ पासून कोणी काय बदललं याची नोंद राहायला हवी, बंद न करता येणारी. बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर. अ‍ॅडमिन लॉगिन तुमच्या नावाचं, आणि काम थांबलं तर पूर्ण डेटा वापरता येईल अशा रूपात परत, हे करारात लिहून घ्या.

हो हो, संपवतो. बाहेरच्या टीमचा दर किती, ते मला विचारू नका. फक्त व्हाउचरमागे, म्हणजे दर नोंदीमागे, ठरवू नका, टॉवरमागे महिन्याचा ठरवा. व्हाउचरमागे ठरवलात, तर पैसे वाचवायला तुम्हीच बिलं पाठवायची थांबाल.