दगडावर कोरलेला कायदा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय फादर स्टॅन स्वामींबद्दल, पण सुरुवात दगडांपासून करतो.

झारखंडच्या खुंटी जिल्ह्यात 2017 च्या सुमारास गावोगावच्या वेशीवर मोठमोठ्या शिळा उभ्या राहू लागल्या. हिरवा रंग, त्यावर पांढरी अक्षरं. मुंडा समाजात पूर्वजांच्या नावाने दगड उभा करायची जुनी रीत आहे. या नव्या शिळांवर मात्र आदिवासी भागांसाठी खास तरतुदी करणारी राज्यघटनेची पाचवी अनुसूची होती, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा होता आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय आत येऊ नका, असं बजावलेलं होतं. गावकऱ्यांनी काही कलमांचा अर्थ ताणला होता, हे खरं. पण अर्थ चुकला तर माणसाला समोर बसवून समजावून सांगतात. इथे राजद्रोहाचे गुन्हे लागले, तेही हजारोंवर, आणि त्यातले बहुतेक 'अनोळखी इसम'. एफआयआरमध्ये अनोळखी लिहिलं की मग कुणाच्याही दारात पोलीस उभे राहू शकतात. गावंच्या गावं त्या धास्तीत जगली. पुढे सरकार बदललं आणि 29 डिसेंबर 2019 ला, शपथविधीच्याच दिवशी, नव्या मंत्रिमंडळाने हे गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं.

याच प्रकरणात जुलै 2018 मध्ये फेसबुकवरच्या लिखाणावरून वीस जणांवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला होता. त्यात एक नाव होतं फादर स्टॅन स्वामी. मूळचे तमिळनाडूचे, ख्रिस्ती जेझुइट संघाचे धर्मगुरू, पण आयुष्यातली कित्येक वर्षं झारखंडच्या आदिवासींत घालवलेली. खाणी आणि धरणांसाठी जमीन जाते ती कुठल्या कायद्याने, हा त्यांचा रोजचा प्रश्न. जमिनीसाठी उभी राहिलेली पोरं नक्षलवादी ठरवून तुरुंगात टाकली जातात, म्हणून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर शंभरेक कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या, कैद्यांची माहिती जमवली, त्यांच्या घरी जाऊन आले. बहुतेकांच्या घरात महिन्याला पाच हजारसुद्धा येत नव्हते. जामिनासाठी वकील कुठून लावणार? हा प्रश्न घेऊन फादर उच्च न्यायालयात गेले.

8 ऑक्टोबर 2020 च्या रात्री एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेने, त्यांना रांचीजवळच्या राहत्या जागेतून उचललं. प्रकरण जानेवारी 2018 मधल्या भीमा कोरेगावच्या हिंसाचाराचं. आपण तिथे कधी गेलोच नाही, असं ते अटकेआधी सांगून बसले होते. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप त्यांनी शेवटपर्यंत नाकारला. वय 83, अंगात पार्किन्सन. मुक्काम आपल्या नवी मुंबईतलं तळोजा कारागृह.

हात इतके थरथरायचे की पेला ओठांपर्यंत जाईना. नोव्हेंबरमध्ये त्यांनी न्यायालयाकडे सिपर आणि स्ट्रॉ मागितली. त्या अर्जावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवस मागून घेतले! वीस दिवसांनी उत्तर आलं: या वस्तू आमच्याकडे नाहीत. मला राग येतो तो इथे. कुणी हात उगारला नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त तारीख पडली. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली जामीन मिळणं आधीच महाकठीण; खटला उभा राहायला वर्षं लागणार; आणि वय तर थांबत नाही. मार्च 2021 मध्ये जामीन फेटाळला गेला. मे महिन्यात व्हिडिओवरून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं की आलो तेव्हा हाताने जेवत होतो, आंघोळ करत होतो, लिहीत होतो. आता एकेक करून सगळं जातंय. त्यांना रांचीला परत जायचं होतं, आपल्या माणसांत. वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवल्यावर कोरोना निघाला. 5 जुलै 2021 रोजी त्यांच्या अर्जाची सुनावणी होती, आणि ते गेल्याचं त्या सुनावणीतच सांगावं लागलं. आरोप निश्चित झाले नव्हते. कच्च्या कैद्यांसाठी भांडणारा माणूस कच्चा कैदी म्हणूनच गेला.

सगळं कायद्याच्या प्रक्रियेनुसार झालं, असं परराष्ट्र मंत्रालयाने जगाला कळवलं. मला तर ती प्रक्रियाच शिक्षा वाटते. गडचिरोलीत खाणीविरुद्ध ग्रामसभेचा ठराव करणारे आपले लोक हे सगळं बघत असतात. पुढच्या वेळी कागदावर सही करताना हात आखडतो तो त्यामुळे.

डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने अहवाल दिला की फादरांच्या संगणकात बाहेरून शिरकाव करून फायली टाकल्या गेल्या होत्या. त्याची स्वतंत्र, निवृत्त न्यायाधीशांमार्फत चौकशी व्हावी, असं मी आज या माध्यमातून मागतो. माणूस गेला तरी त्याच्या नावावरचा आरोप अजून पुसलेला नाही.