मागाचं लोखंड आणि देशाचं भांडवल

मी याच यंत्रमागांच्या गावात वाढलो, त्यामुळे विषय देशाच्या गुंतवणुकीचा असला तरी सुरुवात आमच्या शेडपासून करतो. १९७८ साली माझ्या वडिलांनी चार माग घेतले. मुंबईच्या एका गिरणीने काढून टाकलेले, पट्ट्यावर चालणारे जुने साधे माग. ट्रक रात्री आला. चेनपुलीने एकेक माग उतरवताना आठ माणसं लागली आणि आई कंदील धरून उभी होती, कारण नेमकी वीज गेली होती. वडिलांनी त्या मागांना स्वतंत्र मोटरी बसवल्या, जमिनीत बोल्ट गाडले, आणि दिवाळीनंतर आमच्या घरात कापड विणलं जाऊ लागलं. पतपेढीचं कर्ज होतं, आईच्या पाटल्या गहाण होत्या. आमच्या कुटुंबाच्या दृष्टीने ती आयुष्यातली सर्वांत मोठी गुंतवणूक होती.

पुढे अर्थशास्त्र शिकायला गेलो तेव्हा कळलं की देशाच्या हिशेबात त्या खरेदीची किंमत जवळजवळ शून्य होती. गिरणीने विकलं ते वजा, आम्ही घेतलं ते अधिक, बेरीज शून्य. नवी भर पडली ती फक्त मोटरींची, शेडच्या बांधकामाची, आणि वाहतूक-दलालीच्या खर्चाची. आणि आज याच गावात कुणी युरोपातून वापरलेला रेपिअर, म्हणजे धोट्याशिवाय चालणारा, माग आणला, तर तो कितीही जुना असला तरी भारताच्या हिशेबात नवीन स्थिर भांडवल म्हणून धरला जातो, कारण तो देशाच्या हद्दीत पहिल्यांदाच आला. हा नियम चुकीचा नाही. देशात एकूण किती यंत्रसामग्री वाढली हे मोजायचं तर असंच मोजावं लागतं. पण आकडा नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे मला त्या चार मागांनी शिकवलं.

स्थिर भांडवल निर्मिती म्हणजे वर्षभरात देशात उत्पादनासाठी उभ्या राहिलेल्या टिकाऊ गोष्टी: इमारती, रस्ते, धरणं, यंत्रं, वाहनं. राहतं घर यात येतं. घरची स्कूटर येत नाही, पण मालाचा टेम्पो येतो. जमीन येत नाही, सोनं येत नाही. कोकणातली हापूसची कलमं येतात, कारण ती वर्षानुवर्षं उत्पन्न देतात. त्याच कारणाने दुभती म्हैसही येते. हे सगळं प्रत्येकाच्या दारात जाऊन मोजता येत नाही. म्हणून सिमेंट, पोलाद, यंत्रं देशात किती तयार झाली, किती आयात झाली, यावरून बराचसा अंदाज बांधला जातो. आपल्या शेडमध्ये नवा माग बसला याची नोंद कुणी इथे येऊन करत नाही. ती माग बनवणाऱ्या कारखान्याच्या किंवा बंदराच्या आकड्यांतून होते.

आता लांबचा पल्ला पाहू. १९५०-५१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर रुपयांतले दहाहूनही थोडे कमी रुपये स्थिर भांडवलात जात होते. त्या काळी मोठमोठे विद्वान सांगत होते की गरीब देश बचत करू शकत नाही, म्हणून गुंतवणूक होत नाही, म्हणून तो गरीब राहतो. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी सरकारने स्वतः गुंतवणूक करायची, हा दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा मार्ग होता. त्या योजनेचा आराखडा करणारे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा आग्रह असा की आधी यंत्रं बनवणारी यंत्रं उभी करा. भिलाई सोव्हिएत मदतीने, रुरकेला जर्मन, दुर्गापूर ब्रिटिश. आपल्याकडे कोयना, १९६२ पासून तिची वीज मिळू लागली आणि त्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळही (एमआयडीसी) स्थापन झालं. एकाच्या जोडीला दुसरं नसतं तर दोन्ही अर्धी राहिली असती. वीज आणि गाळा एकाच वेळी मिळाला म्हणून पिंपरी-चिंचवडसारख्या ठिकाणी खासगी कारखानदार पैसा घालायला आला.

सरकारी गुंतवणूक खासगीला मागे ढकलते असं पुस्तकात लिहिलेलं असतं. साठच्या दशकात भारतात घडलं ते उलट, आणि याचा पुरावा चांगल्या वर्षांपेक्षा वाईट वर्षांत अधिक स्पष्ट दिसतो. १९६५ चं युद्ध, अमेरिकन मदत थांबली, १९६५-६६ आणि १९६६-६७ असे लागोपाठ दोन दुष्काळ, जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन. पंचवार्षिक योजना तीन वर्षं बाजूला ठेवावी लागली. सरकारने हात आखडता घेतला. रेल्वेने मालडब्यांच्या ऑर्डरी कमी केल्या, आणि मालडबे बनवणारे, त्यांना पोलाद पुरवणारे, त्यांच्यासाठी लेथ बनवणारे सगळे कारखाने अर्ध्या क्षमतेवर आले. महालनोबिसांच्या आराखड्यात यंत्रं बनवायची सोय झाली होती. ती यंत्रं विकत घेणारं गिऱ्हाईक मात्र मुख्यतः सरकारच होतं. ते गिऱ्हाईक दुकानातून उठून गेल्यावर पुढची दहा-बारा वर्षं उद्योग रखडत चालला. त्या मंदीला जबाबदार कोण यावर अजून वाद आहे. माझं मत स्पष्ट आहे की सार्वजनिक गुंतवणुकीची कपात हे मोठं कारण होतं.

सत्तरच्या दशकात एक विचित्र गोष्ट घडली. बचत होत नाही म्हणणाऱ्यांना देशाने खोटं ठरवलं. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात ८,२६२ शाखा होत्या. १९९१ च्या सुमारास त्या साठ हजारांवर गेल्या. जे पैसे गाडग्यात आणि सोन्यात होते ते बँकेत आले. बचतीचं प्रमाण सत्तरीच्या शेवटी वीस टक्क्यांच्या घरात पोचलं, गुंतवणूकही वाढली. आणि तरीही उत्पन्न वाढायचा वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपासच राहिला. पैसा ओतला जात होता, उत्पादन त्या मानाने निघत नव्हतं.

का? एक कारण आपल्या गावाला चांगलं ठाऊक आहे. १९५६ पासून गिरण्यांना माग वाढवायला बंदी होती. हेतू हातमाग वाचवण्याचा होता. वाढला तो यंत्रमाग. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला होता. पण गावोगावी शेड उभ्या राहिल्या त्या या धोरणाच्या काळात. गिरण्यांनी नवी यंत्रं घेतली नाहीत, आम्ही त्यांची जुनी घेतली. हजारो कुटुंबांना भाकरी मिळाली, माझ्या शिक्षणाची फी त्याच कापडातून गेली, आणि म्हणून त्या काळाला नावं ठेवताना माझी जीभ अडखळते. पण देशाच्या बाजूने पाहिलं तर एका पिढीचं विणकामाचं यंत्र जुन्यावर जुनं असंच राहिलं. त्यात आयात शुल्क इतकं जबर की परदेशी यंत्राची किंमत इथे येईपर्यंत दुप्पट-अडीचपट व्हायची. शंभर रुपये गुंतवले असं कागदावर दिसायचं, प्रत्यक्षात यंत्र यायचं चाळीस-पन्नास रुपयांचं.

ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकावर फार वेळ घालवत नाही. परवाने सैल झाले, शुल्क टप्प्याटप्प्याने उतरलं, २००७ मध्ये औद्योगिक मालावरचा कमाल दर दहा टक्क्यांवर आला. गुंतवणुकीचं प्रमाण नव्वदच्या मध्यावर पंचविशीला टेकलं आणि तिथेच घुटमळलं. मग आली २००३ ते २००८ ही वर्षं. खासगी कंपन्यांची गुंतवणूक, जी सत्तरीत राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आतबाहेर होती, ती २००७-०८ मध्ये चौदा टक्क्यांच्या आसपास गेली. एकूण स्थिर भांडवल निर्मिती उत्पन्नाच्या एक तृतीयांशावर पोचली. दहाव्या हिश्शाने सुरुवात केलेल्या देशाने साठ वर्षांत गाठलेलं हे शिखर.

त्या वर्षांत पैसा दिला कोणी, हे महत्त्वाचं आहे. वीज प्रकल्प, पोलाद, महामार्ग यांना वीस वर्षांचं कर्ज लागतं. पूर्वी त्यासाठी वेगळ्या विकास वित्तसंस्था होत्या. आयसीआयसीआय २००२ मध्ये आणि आयडीबीआय २००४ मध्ये साधारण बँकेत रूपांतरित झाल्या. मग ते काम तुमच्या-माझ्या ठेवींवर चालणाऱ्या व्यापारी बँकांवर पडलं. ठेव तीन वर्षांची, कर्ज वीस वर्षांचं. त्यात जमीन संपादन रखडलं, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१४ कोळसा खाणपट्ट्यांची वाटपं रद्द केली, परदेशी मागणी ओसरली. मार्च २०१८ मध्ये बँकांची अकरा टक्क्यांहून अधिक कर्जं थकीत होती. दिवाळखोरीचा कायदा २०१६ मध्ये आला, साफसफाई झाली, पण गुंतवणुकीचं प्रमाण तोवर अठ्ठावीसपर्यंत घसरलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या राज्याची आहे. गोसीखुर्दचं धरण. १९८३ मध्ये ३७२ कोटींची मान्यता, १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. पुढे खर्चाचा अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला. या सगळ्या वर्षांत तिथे जे सिमेंट पडलं, जी माती हलली, ती दर वर्षी त्या त्या वर्षाची भांडवल निर्मिती म्हणून मोजली गेली. कालवा शेतापर्यंत पोचला की नाही, हे त्या आकड्याला विचारता येत नाही. ज्या बाईचं घर बुडीत क्षेत्रात गेलं आणि ज्या बाईच्या शेतात पाणी आलं नाही, त्या दोघींच्या आयुष्यातली पस्तीस वर्षं त्या रकान्यात बसत नाहीत. मी हे आकडे शिकवत आलो आहे, पण विद्यार्थ्यांना हे सांगितल्याशिवाय तो तास पूर्ण करत नाही.

झिजेचंही तसंच. यंत्रं झिजतात, रस्ते उखडतात. आज देशाच्या एकूण गुंतवणुकीतल्या प्रत्येक तीन रुपयांतला एक रुपया तरी फक्त झीज भरून काढण्यात जातो. उरलेले दोन रुपये म्हणजे खरी भर. भांडवलाचा साठा जसजसा मोठा होतो तसतसं हे देणं वाढत जातं. पुलाच्या उद्घाटनाला गर्दी होते. त्याच्या सांध्यांत ग्रीस भरायला पैसा मंजूर होत नाही. मग पूल वेळेआधी म्हातारा होतो आणि नवा बांधला की तो पुन्हा गुंतवणूक म्हणून मोजला जातो.

आता आजचं चित्र. कोविडच्या वर्षानंतर प्रमाण पुन्हा तिशीवर आलं आहे. यात मोठा वाटा केंद्र सरकारचा. २०१९-२० मध्ये केंद्राचा भांडवली खर्च सुमारे ३ लाख ३६ हजार कोटी होता, २०२४-२५ मध्ये तो दहा लाख कोटींच्या वर गेला. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले, शिवडीहून न्हावाशेवाकडे जाणारा अटल सेतू झाला. दुसरा मोठा वाटा कुटुंबांचा आहे आणि तो मुख्यतः घरबांधणीत. या घरबांधणीला मी कमी लेखत नाही. पक्क्या छताखाली मूल अभ्यास करतं तेव्हा तेही देशाचं भांडवल वाढवणंच आहे. पण घर कापड विणत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कर तीस टक्क्यांवरून बावीसवर आणला, नव्या कारखान्यांना पंधरा. बँका स्वच्छ झाल्या, नफे वाढले. तरी कारखानदार नवी यंत्रं त्या उत्साहाने घेताना दिसत नाही.

याचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणात आहे. कारखान्यांच्या क्षमतेचा वापर गेली कित्येक वर्षं साधारण सत्तर ते सत्याहत्तर टक्क्यांमध्ये फिरतो आहे. म्हणजे चारपैकी एक यंत्र उभंच. पन्नासच्या दशकात बचतीची वानवा होती, सत्तरीत पैसा होता पण परवाना नव्हता, २००८ मध्ये दोन्ही होतं पण सावधपणा नव्हता. आज अडलंय ते गिऱ्हाइकापाशी. शेतमजुराची, कामगाराची, लहान पगारदाराची मिळकत महागाईच्या पुढे गेली नाही तर तो सदरा वर्षातून दोनदा घेणार नाही, आणि मग मागवाला माग घेणार नाही.

गेल्या वर्षी आमचे चार माग भंगारात गेले. किलोच्या भावाने. वहीत त्यांची किंमत केव्हाच शून्य झाली होती, पण थोरला भाऊ शेवटपर्यंत खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने, कापड काढत होता. गॅसकटरने बोल्ट कापले तेव्हा फरशीवर चार चौकोन उरले, तेलाने काळे झालेले. शेजारचा खर्चीवाला, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बघत उभा होता. त्याच्या हातात शटललेस, म्हणजे बिनधोट्याच्या, मागाचं कोटेशन होतं. मी विचारलं, घेतोस का? तो म्हणाला, "काका, बँकवाले घरी येऊन कर्ज देतो म्हणतात. पीकचा (आडव्या धाग्यांवर मिळणाऱ्या मजुरीचा) दर पाच वर्षांपूर्वीचाच आहे, सूत आज एका भावाला, उद्या दुसऱ्या. हप्ता मात्र दर महिन्याला येणार. सहा महिन्यांची ऑर्डर कुणी लिहून दिली तर उद्या माग आणतो."

मला वाटतं, देशाच्या गुंतवणुकीचा आलेख पुढे कुठे जाणार हे त्याच्या या वाक्यावर ठरणार आहे. समोर सुताला खळ लावणारे सायझिंगवाले आहेत, सुताचे व्यापारी आहेत, वहिफणीचं, म्हणजे ताण्याचे धागे ओवण्याचं, काम करणारी मंडळीही मागे बसलेली दिसतात. त्याला अशी ऑर्डर कुणी आणि कशी द्यायची, यावर तुमचं ऐकायला मी थांबलो आहे. माइक त्या बाजूला द्या.