सहा दातांची नोंद

(दृश्य : दोन खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. एका खुर्चीत आई, दुसरीत डॉक्टर.)

सव्वा वर्षाची पोर आईच्या मांडीवर आहे. तोंड आईकडे, दोन्ही पाय आईच्या कमरेभोवती. आई तिचे हात धरते आणि हळूच मागं झोपवते. डोकं डॉक्टरांच्या मांडीवरच्या उशीवर टेकतं. वर आईचाच चेहरा दिसतोय, तरी पोर रडतेच. रडू दे. रडताना तोंड उघडतं, आणि डॉक्टरांना तेवढंच हवं असतं.

वरचा ओठ बोटानं उचलला. पटाशीचे चार दात वर, दोन खाली. एकूण सहा. वरच्या मधल्या दोन दातांवर, अगदी हिरडीलगत, खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ. डॉक्टर गॉजनं दात पुसतात. रेघ जात नाही, उलट कोरड्या दातावर जास्तच उठून दिसते. किडीची ही पहिली खूण. अजून खड्डा पडलेला नाही. आत्ता आवरलं तर ड्रिल हातात घ्यावं लागणार नाही.

तपासणी संपली दोन मिनिटांत. पुढची वीस मिनिटं बोलण्यात गेली. त्या वीस मिनिटांचं बिल कसं होतं आणि ती कागदावर कशी उतरतात, हेच आज पाहायचं आहे.

(दृश्य : दवाखान्याची खिडकी, बाहेर रुंद रस्ता.)

हे डॅलसजवळचं उपनगर, टेक्सास. आईबाबा मूळचे पुण्याचे. आजी सहा महिन्यांसाठी आल्या आहेत.

अमेरिकेत दातांच्या प्रत्येक कामाला बिलासाठी कोड असतो. बाळाच्या तपासणीचा कोड आहे डी०१४५. तो २००७ पासून वापरात आहे आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठीच आहे. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत ही तपासणी झाली तर उत्तम, असं त्याच्या व्याख्येतच म्हटलं आहे. बालदंतवैद्यांची तिथली संघटनाही सांगते, पहिल्या वाढदिवसाच्या आत दाखवा. या कोडात चार गोष्टी येतात. तब्येतीची आणि तोंडाची माहिती लिहून घेणं, कीड लागण्याचा धोका ठरवणं, ती टाळण्याचा बेत आखणं, आणि बाळाला सांभाळणाऱ्या माणसाशी बोलणं. म्हणजे हे बोलणं तपासणीचाच भाग आहे, त्याचेही पैसे यात धरलेले आहेत. मला हा कोड म्हणूनच मोलाचा वाटतो. बाळाची बाटली कोण भरतं, हे विचारायला कुठलंही यंत्र उपयोगाचं नाही.

डॉक्टर विचारतात, "आजी, रात्री उठली की काय देता तिला?"

"दूधच देते हो, बाटलीत. चमचाभर साखर घालून. फिकं पीत नाही ती."

आई चमकून आजींकडे पाहते. तिला हे ठाऊक नव्हतं. डॉक्टर रागावत नाहीत. साखर रोज थोडी कमी करा, मग रात्रीच्या बाटलीत नुसतं पाणी. झोपण्याआधी दात घासा, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. बोटावर पेस्ट घेऊन डॉक्टर दाखवतात. आजी चष्मा सावरून बघतात.

(दृश्य : संगणकाचा पडदा, नोंद लिहिणारे हात.)

आता नोंद. पुष्कळ ठिकाणी ती अशी सापडते : "तपासणी केली. वीसही दात निरोगी. पालकांना सल्ला दिला." मोठ्या मुलांसाठी बनवलेला साचा, एका क्लिकवर भरलेला. बाळाच्या तोंडात मात्र दात सहाच! विम्याकडून बिलांची पडताळणी करणाऱ्याला ही एक ओळ पुरते. पैसे परत मागितले जातात. आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे, ती पांढरी रेघ कुठंच लिहिलेली राहत नाही.

या डॉक्टरांनी लिहिलं : सहा दात आलेले. ई आणि एफ या दातांवर हिरडीलगत पांढरे चट्टे, खड्डा नाही. मूल रडत होतं. एक्स-रे काढला नाही. रात्री साखरेच्या दुधाची बाटली, देणारी व्यक्ती आजी. आई आणि आजी दोघींशी बोलणं झालं, आणि काय सांगितलं तेही. धोका जास्त, कोड डी०६०३. फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे किडीपासून वाचवणारा लेप, लावलं, कोड डी१२०६.

ई आणि एफ म्हणजे वरचे मधले दोन दात. अमेरिकेत दुधाच्या दातांना ए ते टी अशी अक्षरं आहेत. हेच कुटुंब उद्या पुण्याला परतलं, तर तिथले डॉक्टर याच दातांना ५१ आणि ६१ म्हणतील. नोंद नेमकी असेल तर दोन देशांतल्या दोन डॉक्टरांचं बोलणं त्या दोन दातांपाशी जुळतं.

फ्रंट डेस्कवर बिल करणारी मुलगी आधी जन्मतारीख पाहते. तिसऱ्या वाढदिवसापासून तपासणीचा डी०१४५ हा कोड चालत नाही, दुसरा लावावा लागतो. दात नाहीत म्हणून बाळाचं नाव दातांच्या विम्यात घालायचं राहून जातं, तेही तिला विचारावं लागतं.

टेक्सासच्या मेडिकेडमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या सरकारी विम्यात, हिशेब वेगळा. तिथं २००८ पासून सहा ते पस्तीस महिन्यांच्या बाळांसाठी खास योजना आहे. तीत दात साफ करणं, व्हार्निश आणि पालकांशी बोलणं हे सगळं डी०१४५ या एकाच कोडात बांधलेलं असतं. व्हार्निशचं वेगळं बिल लावलं तर ते नाकारलं जातं.

खासगी विम्यात मात्र बरेचदा वर्षाला दोनच तपासण्या मिळतात. या पोरीला दर तीन महिन्यांनी यायचं आहे. तिसरी तपासणी खिशातून होईल, हे आईला आजच सांगितलं गेलं, रकमेसकट. ज्या बाळाला धोका जास्त, त्याच्याच आईबापांनी पदरचे पैसे भरायचे, हे मला पटत नाही. पण निदान बिल घरी आल्यावर धक्का तरी बसणार नाही.

(दृश्य : आजी पोरीला कडेवर घेऊन दाराबाहेर पडतात.)

नोंदीत शेवटची ओळ अजून रिकामी आहे. डॉक्टर पुढच्या भेटीची तारीख टाकतात, क्षणभर थांबतात, आणि खाली लिहितात : "आजी भारतात परतल्यावर रात्री बाळाला कोण सांभाळणार, ते विचारणे."