दुर्बिणीला न दिसलेली सूज

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी]

कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाची ही गुलाबी पट्टी नीट पाहा. मोठ्या आतड्याच्या अस्तराला खालून चिकटलेली. निरोगी आतड्यात ती इतकी पातळ असते की शोधावी लागते. इथे तिची जाडी १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे गेली आहे. मोठ्या आतड्याच्या अशा सुजेला कोलॅजिनस कोलायटिस म्हणतात. असा रुग्ण महिनोन्‌महिने पाण्यासारख्या जुलाबांनी हैराण असतो आणि कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत मात्र त्याचं आतडं बहुतेक वेळा अगदी नितळ दिसतं. व्रण नाही, रक्त नाही. ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून दुर्बीण बाहेर काढली, तर आजार निसटला. म्हणून आतडं चांगलं दिसत असलं, तरी ठिकठिकाणचे बारीक तुकडे बायोप्सीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला घ्यायलाच हवेत.

पोट बिघडलं की पहिला संशय जंतूंवर जातो, आणि तो रास्तच आहे. शौचाची तपासणी आधी व्हायला हवी. पण जंतू सापडला नाही, एवढ्यावरून निदान होत नाही. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन वाढलेलं असेल तर आतड्याला सूज आहे एवढं कळतं, ती कशामुळे आली ते कळत नाही. जंतुसंसर्गातही ते वाढतं.

मग विचारपूस. माझ्या मते खरं निदान इथेच घडतं. सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का? कर्करोगावर इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला चेतवणारे उपचार) घेतली का? ओटीपोटाला रेडिएशन दिलं होतं का? हा शेवटचा प्रश्न वर्षं उलटली तरी विचारावा, कारण रेडिएशनची इजा कधी कधी फार उशिरा डोकं वर काढते.

[दृश्य : रुग्णाची फाइल, शेजारी कोडरचा संगणक]

आता हे सगळं एका कोडमध्ये बसवायचं. ते काम कोडरचं : डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला तो ठरलेला सांकेतिक क्रमांक देतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दीर्घकालीन सुजेचे दोन आजार; क्रोन्सला के ५०, अल्सरेटिव्ह कोलायटिसला के ५१. जंतूंशिवायची बाकीची सूज के ५२ मध्ये : रेडिएशनची के ५२.०, औषधांची किंवा विषारी पदार्थांची के ५२.१, ॲलर्जीची आणि आहाराशी निगडित के ५२.२.

आणि डॉक्टरांनी नुसतं ‘गॅस्ट्रोएंटेरायटिस’, म्हणजे जठर-आतड्याची सूज, एवढंच लिहिलं तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या आवृत्तीत हा शब्द ए ०९.९ कडे, म्हणजे संसर्गजन्य आजारांच्या प्रकरणात जातो. अमेरिकेच्या आवृत्तीत तोच शब्द के ५२.९ कडे, जंतूंशिवायच्या सुजेत. रुग्ण तोच, आतडं तेच. ‘संसर्गजन्य’ की ‘असंसर्गजन्य’ हे एक विशेषण लिहायचं राहिलं, म्हणून नोंद दुसऱ्याच प्रकरणात गेली.

प्रयोगशाळेचे आकडे वाचून कोडरने स्वतः निदान ठरवायचं नसतं. शंका आली की त्याने डॉक्टरांना लेखी क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्न पाठवायची. हे काम कटकटीचं वाटतं, पण ते टाळू नये. पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर ही फाइल उघडतो, तेव्हा मोघम नोंदीतून त्याला काहीच हाती लागत नाही. जंतूच असतील असं समजून तो पुन्हा अँटिबायोटिक सुरू करू शकतो. कोलॅजिनस कोलायटिसला गुण येतो तो ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडने.

[दृश्य : क्वेरीच्या कागदावर लिहिणारा हात]

‘कोलॅजिनस कोलायटिस, बायोप्सीने सिद्ध.’ डॉक्टरांचं उत्तर एवढंच. अमेरिकी आवृत्तीत याला स्वतंत्र कोड आहे. कोडर के ५२.९ खोडतो आणि के ५२.८३१ भरतो.