‘रिव्हिएर अँड सन’मधला मुलगा कुठाय?

नमस्कार मंडळी! पुस्तकबांधणीच्या रील्स सध्या जिकडेतिकडे फिरतायत आणि माझ्याकडे एकच मागणी, ‘ताई, इंग्लंडमधल्या त्या बाथच्या बाइंडरबद्दल सांगा.’ चला, सांगते.

फर्मे (छापलेले मोठे कागद) दुमडा, शिवा, कणा गोल करा, पुठ्ठे लावा, चामडं चढवा, सोन्याचा वर्ख दाबा. हे माहितेय तुम्हाला, पुढे जाऊ.

जॉर्ज बेंटननं १८९४ मध्ये बाथला धंदा थाटला. १९३९ मध्ये त्यानं लंडनचा नामांकित बांधणी-कारखाना ‘रिव्हिएर अँड सन’ विकत घेतला आणि बिऱ्हाड स्टेशनजवळ मॅन्व्हर्स स्ट्रीटवर हलवलं, पोस्टाच्या जुन्या सॉर्टिंग ऑफिसात. पुढच्याच वर्षी तो वारला. गंमत अशी, की त्या कारखान्याचा मूळ मालक रॉबर्ट रिव्हिएर, त्याची सुरुवातही बाथमधलीच. १८२९ ची! १८४० ला तो लंडनला गेला. इंग्लंडचं १०८६ सालचं जमीनदप्तर, डूम्सडे बुक, त्याची दुरुस्ती-बांधणी याच माणसाकडे सोपवली होती. म्हणजे ते नाव शंभरेक वर्षांनी माहेरी परतलं.

आता माझं डोकं फिरवणारा प्रश्न: ‘रिव्हिएरच्या मुलाचं नाव काय?’ अहो, धंदा सांभाळायला मुलगा नव्हताच! दुसऱ्या मुलीचा थोरला मुलगा पर्सिव्हल कॅल्किन, त्याला आजोबांनी भागीदार केलं आणि पाटीवर ‘अँड सन’ लिहिलं. १८८२ मध्ये आजोबा वारले, धंदा गेला दौहित्राकडे. आडनाव बघा ना, कॅल्किन! रिव्हिएर नव्हे. आणि बेंटनकडे? तिथेही पुढे नातवानंच चालवलं, आडनाव बेंटन-कॉवर्ड. तरी लोक बिनधास्त लिहितात, ‘बापाकडून मुलाकडे आलेली कला.’ कुठून आणता हो?

माझ्या आजोळी बाइंडिंगचं दुकान होतं. पाटीवर ‘आणि सन्स’, आत मावशी. गिऱ्हाईक विचारायचं, ‘मालक कुठायत?’ खळीचा ब्रश हातातून न ठेवता मावशी म्हणायची, ‘बोला.’ वार्षिक अंकांचे गठ्ठे, वकिलांची बाडं, सगळं तिच्याच हातचं. असो, भरकटले.

टायटॅनिकवाले! दर व्हिडिओखाली तुम्ही हजर. रत्नं जडवलेली, बोटीबरोबर बुडालेली ती उमर खय्यामच्या कवितांची प्रत सँगॉर्स्की आणि सटक्लिफ या लंडनच्या बाइंडरांची. ते दोघं मित्र, घराणं नाही. तो विषय वेगळा, प्लीज इथे नको.

आणि ‘हे सगळं कळून उपयोग काय’ विचारणाऱ्या दादांसाठी: जुन्या चामडी पुस्तकाचं कव्हर उघडा. चामडं आत दुमडलेलं असतं ना, त्या पट्टीवर बारीक अक्षरांत बाइंडरचा शिक्का शोधा. नुसतं ‘रिव्हिएर’ असेल तर बांधणी साधारण १८८० च्या आधीची. ‘अँड सन’ असेल तर नातू आल्यानंतरची. बेंटन आणि रिव्हिएर दोन्ही असतील तर १९३९ नंतरची, बाथची. पुस्तक छापल्याचं साल बघून फसू नका, बांधणी कितीतरी नंतरची असू शकते. फोटो पाठवायचाच तर त्या पट्टीचा पाठवा, मुखपृष्ठाचा नको!