माशीच्या लाळेतून उलगडलेला निरोप

श्रोतेहो, नमस्कार.

चिंचेचा नुसता विषय निघाला तरी तोंडाला पाणी सुटतं. ते सुटण्याआधीच्या सेकंदभरात लाळग्रंथीच्या पेशींमध्ये जे घडतं, त्याबद्दल आज बोलू या.

चिंच जिभेला लागली की मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत लाळग्रंथींना हुकूम सुटतो. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन किंचित पाझरतं आणि पेशीला बाहेरून चिकटतं. फक्त बाहेरून. पेशीपटलात रुतलेलं एक प्रथिन असतं, त्याला ग्राही म्हणतात, त्याला ते बिलगतं आणि सुटलं की लगेच तिथलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे तुकडे करून टाकतं. म्हणजे निरोप आणणारा दारातच संपला, आणि तरी आत धावपळ उडून लाळ वाहू लागते. धोतऱ्याचं बी पोटात गेलं तर माणसाच्या तोंडाला कोरड पडते, ती इथल्याच अडवणुकीमुळे. धोतऱ्यातली ॲट्रोपिनसारखी द्रव्यं त्या ग्राहीवर ठाण मांडून बसतात आणि ॲसिटिलकोलिनला जागाच मिळत नाही.

मग दारापासून आतपर्यंत निरोप नेतं कोण? आतली शेवटची कामगिरी कॅल्शियमची, याची चाहूल फार आधी लागली होती. लंडनच्या सिडनी रिंगर यांनी १८८३ साली दाखवून दिलं की बेडकाचं काढून ठेवलेलं हृदय नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात धडधडत राहतं, पण ऊर्ध्वपातित पाणी वापरलं की थांबतं. लंडनच्या नळाला कॅल्शियम येत होतं, एवढाच काय तो फरक.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आणि दूध आठवतं. ते बरोबरच आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण किलोभर कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. आजची गोष्ट आहे ती उरलेल्या चिमूटभराची. पेशीच्या बाहेरच्या द्रवात जितकं मोकळं कॅल्शियम असतं, त्याच्या साधारण दहा हजारांश पेशीच्या आतल्या द्रवात असतं. पेशी ते मुद्दाम कमी ठेवते. तिचे पंप रात्रंदिवस ऊर्जा खर्चून कॅल्शियम बाहेर तरी फेकतात, नाहीतर पेशीतल्याच आंतर्द्रव्यजालिका नावाच्या पिशव्यांत कोंडून तरी ठेवतात. हे करावंच लागतं, कारण पेशीचा ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शियम वाढलं तर फॉस्फेटशी मिळून त्याचा खडा जमतो. पण या सक्तीचा एक फायदा झाला. बाजारात ओरडलं तरी कुणी वळून बघत नाही, पण सामसूम घरात टाचणी पडली तरी ऐकू येते. आत कॅल्शियम इतकं कमी असल्यामुळे ते पाच-दहा पटींनी वाढलं की पेशीला तात्काळ कळतं.

जाता जाता एक सांगतो. कॅल्शियमची गोळी घेऊन हा इशारा जोरकस होत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोर सांभाळतं, आणि इशाऱ्याचं कॅल्शियम तर बहुधा पेशीच्या आतच साठवलेलं असतं. गोळी हाडांसाठी घ्या, डॉक्टरांनी सांगितली असेल तर.

आता मधला दुवा. तो सापडायला तीस वर्षं लागली. १९५३ साली मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांवर ॲसिटिलकोलिन घातलं, तेव्हा पेशीपटलातल्या एका स्निग्ध पदार्थाची मोडतोड आणि पुनर्बांधणी एकदम वाढलेली दिसली. ती का होते, हे कोडंच राहिलं. १९७५ साली बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट मिशेल यांनी धाडसाने मांडलं की या मोडतोडीचा आणि कॅल्शियमचा संबंध असावा. पुरावा अपुरा होता आणि टीकाही झाली.

पुरावा आला माशीकडून. मायकेल बेरिज हे तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत वाढलेले कीटकशास्त्रज्ञ केंब्रिजला काम करत होते. मासळीबाजारात घोंघावणारी निळसर चमकदार माशी असते ना, त्याच कुळातल्या माशीच्या लाळग्रंथी त्यांनी निवडल्या. ही ग्रंथी म्हणजे एक बारीक लांबट नळी. ती काढून पोषक द्रावणाच्या एका थेंबात ठेवायची, तो थेंब द्रव पॅराफिनखाली, आणि नळीचं कापलेलं टोक रेशमी धाग्याने ओढून थेंबाबाहेर पॅराफिनमध्ये आणायचं. मग थेंबात सेरोटोनिन घालायचं. माशीच्या ग्रंथीला हुकूम देणारं रसायन ते. क्षणात टोकाशी लाळेचा गोल मणी फुगू लागतो. तेलात पाणी मिसळत नाही, त्यामुळे मणी सुटा राहतो आणि त्याचा व्यास मोजून लाळ किती आली ते काढता येतं. इतक्या कमी सामानात एवढं नेमकं उत्तर देणारा प्रयोग माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

ग्रंथीला बराच वेळ सेरोटोनिनमध्ये ठेवलं की तिचं कॅल्शियम सेरोटोनिनचा हुकूम ऐकेनासं होई. बेरिज आणि जॉन फेन यांनी १९७९ साली दाखवलं की त्या वेळी पेशीपटलातला तो स्निग्ध पदार्थ सरलेला असतो. त्याचा कच्चा माल इनोसिटॉल, तो द्रावणात घातला की ग्रंथी पुन्हा ताळ्यावर येते. मिशेल यांचा तर्क बळकट झाला. पुढे बेरिज यांना दिसलं की सेरोटोनिन लागताच काही सेकंदांत त्या पदार्थापासून एक छोटा तुकडा सुटतो आणि पाण्यात विरघळून आत जातो. त्याचं नाव इनोसिटॉल ट्रायफॉस्फेट, शास्त्रज्ञ त्याला आयपी-थ्री म्हणतात.

हाच तो आतला निरोप्या का, हे तपासायला मात्र माशीची पेशी सोयीची नव्हती. फ्रँकफर्टला हान्सपेटर स्ट्रेब आणि इरेने शुल्झ यांच्याकडे स्वादुपिंडाच्या अशा पेशी होत्या ज्यांच्या पटलाला भोकं पाडून आत हवं ते घालता येत होतं आणि कॅल्शियम मोजता येत होतं. बेरिज यांच्यासोबत केंब्रिजजवळच्या बाब्राहमचे रॉबिन अर्विनही या कामात होते. आयपी-थ्री घालताच कॅल्शियम उसळलं. पेशीतलं कॅल्शियमचं कोठार म्हणजे तंतुकणिका, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया, असं तोवर बरेच जण धरून चालले होते. या गटाने तंतुकणिका औषधाने बंद पाडून पाहिल्या, तरी कॅल्शियम आलंच. कोठार आंतर्द्रव्यजालिका होतं. १९८३ सालच्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर'मध्ये तो लेख आला. बेरिज यांना पुढे लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल मिळालं नाही. माझ्या मते ते मिळायला हवं होतं.

कॅल्शियम बाहेर पडलं की लाळेच्या पेशीत क्लोराइडची दारं उघडतात, क्लोराइडमागे सोडियम आणि त्यामागे पाणी जातं, आणि लाळ वाहते. तेच कॅल्शियम स्वादुपिंडात पाचकरस सोडायला लावतं. फलन झालेल्या अंड्यात तेच वाढीला सुरुवात करून देतं. शुक्राणू अंड्यात जाताना आयपी-थ्री घडवणारं विकर बरोबर घेऊनच जातो. एकच कॅल्शियम इतकी कामं करतं, ती मुळात पेशीपेशीत ते ऐकणारी प्रथिनं निराळी म्हणून. शिवाय ते ठोक्यांनीही बोलतं. १९८६ साली लिव्हरपूलला उंदराच्या यकृतातल्या एकट्या पेशीत जेलीफिशपासून मिळणारं, कॅल्शियम लागताच उजळणारं प्रथिन टोचून पाहिलं. कॅल्शियम एकदाच चढून उतरत नव्हतं, पुन्हा पुन्हा उसळत होतं. संप्रेरक वाढवलं तर उसळी उंच होत नव्हती, ठोके जलद पडत होते.

जालिकेवरचं आयपी-थ्रीचं दार, म्हणजे त्याचा ग्राही, आपल्या अंगात तीन प्रकारचा असतो. जपानमध्ये मिकोशिबा यांच्या गटाने यातले दोन प्रकार नसलेले उंदीर तयार केले. त्यांना लाळ सुटेना, सुकं खाणं गिळेना, आणि आईचं दूध सुटल्यावर ते मरू लागले. ओलं, कालवलेलं अन्न दिलं तेव्हा जगले, पण पाचकरसही अपुरे म्हणून खुरटलेले राहिले.

बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत गैती हसन यांनी याच ग्राहीवर पुन्हा माशीच निवडून काम केलं, या वेळी केळ्यांवर बसणारी चिलटाएवढी फळमाशी. ग्राही बिघडलेल्या माश्यांना पंख असतात, पण उडता येत नाही. सेरोटोनिनसारखी रसायनं बनवणाऱ्या मोजक्या चेतापेशींत ग्राही पुन्हा चालू केला की त्या उडू लागतात. माणसात या ग्राहीचा पहिला प्रकार सर्वांत जास्त अनुमस्तिष्कात, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागात असतो. त्याच्या जनुकाची एक प्रत गमावलेल्या काही कुटुंबांत मोठेपणी चाल डगमगू लागते, बोलणं अडखळतं, आणि हे वर्षानुवर्षं अगदी सावकाश वाढत जातं.